रग्बी लीगचा क्लब चालवायचाय? मग हे वाचा

समजा उद्या तुम्ही एनआरएलमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतल्या, एखाद्या क्लबचे चेअरमन झालात. सगळ्यात आधी सॅलरी कॅपचं कौतुक करायला शिका. खेळाडूंच्या पगारावर सगळ्या क्लबांना सारखीच मर्यादा, म्हणजे पैसेवाल्याने सगळे स्टार पळवायचे नाहीत आणि छोट्या क्लबलाही कधीतरी ट्रॉफी मिळेल. किती गोड ना! पत्रकारांसमोर बोलायला पाठ करून ठेवा, बाकी कुठे लागत नाही.

घरची पोरं घडवायच्या भानगडीत मात्र चुकूनही पडू नका. पेनरिथ क्लबवाले पडले. वेस्टर्न सिडनीतली पोरं शाळेच्या वयापासून तयार केली, २०२१ ते २०२४ सलग चार वेळा चॅम्पियन झाले, आणि मिळालं काय, तर पोरगं चांगलं निघालं की त्याचा भाव वाढतो, भाव वाढला की ते कॅपमध्ये मावत नाही, मग बर्टन गेला बुलडॉग्सकडे, मागोमाग क्रायटनही तिकडेच, लुआई वेस्ट्स टायगर्सकडे. खत-पाणी पेनरिथचं आणि फळं शेजाऱ्याची, याला समानता म्हणतात. तुम्ही सरळ आयत्या बिळावरचे नागोबा व्हा.

कॅपमध्ये पैसे कमी पडले तर थर्ड पार्टी डील आहेच, म्हणजे बाहेरच्या कंपनीने खेळाडूला कॅपबाहेर दिलेले पैसे. नियम एवढाच की ती क्लबने जुळवून दिलेली नसावी. म्हणजे एखाद्या कंपनीच्या मालकाला सकाळी चहा पिता पिता आपोआप वाटलं पाहिजे की अमक्या खेळाडूला जाहिरातीत घेऊया, आणि तो निव्वळ योगायोगाने तुमच्याच टीमचा निघाला पाहिजे. असे योगायोग मोठ्या शहरात जास्त घडतात, त्याला कोण काय करणार.

आणि हो, कच्ची वही नि पक्की वही ठेवणार असाल तर जपून. मेलबर्न स्टॉर्म क्लबने कॅपवरचे पगार लपवायला दोन हिशेब ठेवले, २०१० मध्ये पकडले गेले, २००७ आणि २००९ चं विजेतेपद गेलं, वर त्या सीझनचे उरलेले सामने शून्य पॉइंटवर खेळायला लावले, १४ सामने जिंकून बिचारे तळाला! बरं, स्टॉर्मची मालक न्यूज लिमिटेड, आणि एनआरएलमध्येही तेव्हा अर्धी भागीदारी त्यांचीच, म्हणजे चोरी झाली ते घर आणि शेजारची पोलीस चौकी, दोन्हीचं भाडं एकाच खिशात.

पकडले गेलात तरी खचू नका हं. बुलडॉग्सचे २००२ मध्ये ३७ पॉइंट कापले, पहिल्या नंबरवरून थेट शेवटी, आणि २००४ ला तेच चॅम्पियन. दोन वर्षं मान खाली घालून काढायची, झालं.

स्टॉर्मकडून काढलेली ती दोन विजेतेपदं पुढे कुणालाच दिली नाहीत. २००७ ची फायनल हरला होता मॅनली, २००९ ची पॅरामाटा. आता गंमत बघा, २०१६ मध्ये कॅप मोडल्याबद्दल पॅरामाटाचे १२ पॉइंट गेले नि १० लाख डॉलर दंड, २०१८ मध्ये मॅनलीला साडेसात लाखांचा. तेव्हा समोरचा क्लब सापडला की लगेच पेढे वाटू नका, आधी आपला अकाउंटंट ऑफिसात आहे का तेवढं बघून या.