जबाबदारी टाळायचीय? ‘लागलं’ म्हणा

मराठी येत असूनसुद्धा तुम्ही कशाची तरी जबाबदारी स्वतःवर घेता म्हणजे कमालच आहे. ‘लागणे’ हे क्रियापद कशासाठी आहे मग? मराठीत ‘मी’ला भूक लागतच नाही, ‘मला’ लागते, म्हणजे मी काहीच केलेलं नाही, ती आपली आली आणि लागली. हेच सगळीकडे चालवा. मीटिंगमधे बॉसने पकडलं तर झोपलो होतो असं कबूल करू नका, जरा डोळा लागला म्हणा. मोबाईल बघता बघता दूध करपलं तर दूध लागलं. फोन केलाच नसेल तर "अहो लागतच नव्हता". लग्नसुद्धा लागतं, ते कोणी केलं हे पुढे भांडणात निघतं.

फक्त चुकूनही ‘लावणे’कडे जाऊ नका. वाट लागली म्हटलं की सगळे हळहळतात, वाट लावली म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतो, कोणी? आपल्याकडे रस्त्यांची, नद्यांची, परीक्षेच्या वेळापत्रकाची वाट कायम लागते, लावत कोणीच नाही. सरकारी खिडकीवरचे लोक यात फार मुरलेले, "थोडे पैसे लागतील" एवढंच म्हणतात, मागत कोणीच नाही, आणि दिले की काम आपोआप मार्गी लागतं. (३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तोही खरं तर लॉटरीसारखा लागला असंच म्हणायला हवं होतं.)

एसटी स्टँडवर मात्र जरा जपून. चौकशीच्या खिडकीत "गाडी लागली का" विचारलं तर फलाट नंबर सांगतात, तोच प्रश्न आंबा घाटात बायकोला विचारायचा तर आधी पिशवी हातात तयार ठेवा आणि खिडकीची सीट मुकाट सोडा. हॉस्पिटलात "पेशंट तुमचे कोण लागतात" असं विचारतील तेव्हा घाई करू नका, बिल किती लागणार ते आधी काढून घ्या, नातं नंतर ठरवता येतं.

आणि एवढं करूनही कोणी भडकलाच, "तू कोण मोठा टिकोजीराव लागून गेलास" म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, टिकोजीरावसुद्धा तुम्ही स्वतःहून झालेले नाही, लागून गेलाय.