डबे भरलेलेच होते: १.०२८ च्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. (दुकान इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात, स्पेलिंग Reading, आणि तक्रार रीडिंगची, हा विनोद घरी आधीच होऊन गेलाय.)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. घरी बिअर करायचं, माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (माल्टच्या घट्ट, गोड पाकाच्या) दीड-दीड किलोच्या दोन डब्यांचं, चाळीस पाइंटचं म्हणजे साधारण २३ लिटरचं किट आमच्याकडून नेलंत. खोक्यावर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तर ती जास्त) १.०४० छापलेली, तुमच्या हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगून ती मोजणाऱ्या उपकरणावर, आली १.०२८. म्हणजे डब्यात माल कमी, असं समजून अर्धा किलो साखर घातलीत. बाराव्या दिवशी आमच्याकडूनच घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) ६ ब्रिक्स, म्हणजे सहा टक्के साखर, दिसलं, म्हणजे तक्त्याप्रमाणे १.०२४. तेव्हा यीस्टही मेलेलं, बिअर अर्ध्या टक्क्याची, आणि फोन केला तर "होतं असं कधीकधी" एवढंच उत्तर.

फोनवर मीच होतो. दुकानात गर्दी होती, मी तुम्हाला टोलवलं. चूक झाली, माफ करा. तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगतो.

आधी डब्यांचं. धान्यापासून बिअर करणाऱ्याला साखर किती उतरेल याची धाकधूक असते. एक्स्ट्रॅक्टमध्ये ते काम कारखान्यात उरकलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीची ग्रॅव्हिटी मोजायच्या आधीच ठरलेली असते. पातळ माल्ट एक्स्ट्रॅक्टचा एक किलो एका लिटरला साधारण ३०५ पॉइंट देतो (१.०४० म्हणजे ४० पॉइंट). तीन किलोचे झाले ९१५, भागिले २३ लिटर, म्हणजे चाळिसाला किंचित कमी. हेच १.०२८ वर यायला एकतर पाणी ३२ लिटरच्या वर जायला हवं, आणि तुमची बादली ३० लिटरची आहे. नाहीतर दोन डब्यांत मिळून ९०० ग्रॅम माल कमी हवा. एवढी तूट डबा हातात घेताच कळते.

तरी मनात किंतु नको म्हणून तुमच्याच बॅचचं एक किट फोडलं. तीन लिटर उकळतं पाणी, त्यात दोन्ही डबे, वरून २३ च्या खुणेपर्यंत नळाचं गार पाणी. न ढवळता वरवरचा नमुना घेतला: १.०२७. खालच्या तोटीतून घेतला: १.०५२. मग लांब चमच्याने पाच मिनिटं चांगलं ढवळलं, तर वर-खाली दोन्हीकडे १.०४०. एक्स्ट्रॅक्ट काकवीसारखं जड असतं, तळाशी जाऊन बसतं. लिंबू सरबत न ढवळता पहिला घोट घेतला तर आंबटच लागणार, तसलाच प्रकार. त्यात नमुना कोमट असला तर आणखी फसगत: हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी जुळवलेला असतो, ३० अंशांना तो दोन-तीन पॉइंट कमी दाखवतो आणि ४० ला सहाएक.

खरी गंमत अशी की तुम्ही काहीच केलं नसतंत तरी चाललं असतं. यीस्ट कामाला लागलं की वायूच्या बुडबुड्यांनी सगळं आपोआप घुसळलं जातं. डबे पूर्ण रिकामे केलेत आणि पाणी खुणेपर्यंतच आहे ना, एवढं बघायचं. तेवढं ठीक असेल तर हायड्रोमीटर काहीही म्हणो, साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही. तुमच्या अर्ध्या किलोने आणखी आठ पॉइंट वाढले. खरी सुरुवात झाली १.०४८ च्या आसपास, आणि चव पातळ, जराशी सायडरसारखी लागत असेल तर ती त्या साखरेमुळे.

आता रिफ्रॅक्टोमीटर. इथे दोष आमचा. हे यंत्र साखरेच्या पाण्यासाठी बनवलेलं आहे. त्यात अल्कोहोल आलं की प्रकाश जास्त वळतो आणि आकडा फुगतो. आंबवण्याआधी ते चोख, नंतर दुरुस्तीचं सूत्र लावल्याशिवाय बिनकामाचं. १.०४८ म्हणजे जवळपास १२ ब्रिक्स. बाराने सुरू झालेली बिअर ६ दाखवते तेव्हा खरी ग्रॅव्हिटी १.०१२ च्या जवळ असते. तुमचं यीस्ट मेलं नव्हतं, काम संपवून तळाशी बसलं होतं. ही गोष्ट विकतानाच सांगायला हवी होती, आणि आम्ही खोक्यात साधी चिठ्ठीसुद्धा घातली नव्हती.

म्हणजे तुमच्याकडे आहे ती अर्ध्या टक्क्याची नाही, साडेचारच्या वरची बिअर आहे. सरबत समजून दोन पाइंट पिऊन गाडी काढू नका, कृपा करून.

बाटल्या भरल्यात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. भरल्या नसतील तर हायड्रोमीटरने दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, नळीत तो जरा गरगरवून, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. आकडा तोच राहिला तर भरा. "अडकलंय" म्हणून नवं यीस्ट किंवा आणखी साखर घालून काचेच्या बाटल्या भरल्या असतील, तर आजच फोन करा. त्या फुटू शकतात.

पुण्याच्या मेहुण्यांना किट पाठवायला नकार दिला, हीही तक्रार आहे. तो नकार कायम. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे. मेहुण्यांना इकडेच बोलवा.

पैशांचं: किटचे परत करणार नाही, किटमध्ये खोट नव्हती. रिफ्रॅक्टोमीटरचे पूर्ण देतो, आणि तो परत आणायचीही गरज नाही, पुढच्या वेळी सुरुवातीचं रीडिंग घ्यायला उपयोगी पडेल. आता प्रत्येक खोक्यात चिठ्ठी जाते, "ढवळा, मग मोजा" हे शब्द ठळक छापलेले. तुमचा तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा.

मंगळवार ते शुक्रवार दुपारी दुकान रिकामं असतं. येताना त्या बिअरची एक बाटली आणा, फ्रीजमधली नको, खोलीत ठेवलेली. गॅस काढून दोघं मिळून मोजू.

— दुकानमालक