कणकेत मळलेली गोळी: दारू सोडवण्याच्या ‘घरगुती उपाया’चा प्रतिवाद

तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या महिन्यात एक बाई मोबाइल पुढे धरून आल्या. पडद्यावर ‘दारू सोडवण्याचा खात्रीचा घरगुती उपाय’ हा संदेश होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “दादा, ही गोळी कुटून कणकेत मळली तर चालेल ना? तव्यावर तिचा गुण तर जाणार नाही?” गोळी मी दिली नाही, पण पुढच्या आठवडाभरात तोच संदेश आणखी तिघांनी दाखवला. संदेश सांगतो: दारूची सवय मनाची असते, दारूड्याला खोलीत कोंडा, चार दिवसांत शरीर शुद्ध होते. जेवणातून नकळत औषध द्या, म्हणजे दारूची किळस येते. डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका, त्या म्हणजे दुसरे व्यसन. आणि अगदीच राहवले नाही तर बिअर द्या, एवढाच त्यातला मजकूर आहे. यातली पहिली दोन वाक्ये माणसाच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर देतो.

“दारूची सवय मनाची असते, ती बंद केली तर शरीराला काही होत नाही.”

दारूतला इथेनॉल मेंदूत दोन ठिकाणी काम करतो. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम तो वाढवतो आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबतो. रोज, महिनोन्‌महिने असे होत राहिले की मेंदू उलट बाजूने जोर लावू लागतो: गाबाला मिळणारा प्रतिसाद कमी करतो आणि ग्लुटामेटचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारे रिसेप्टर, वाढवतो. म्हणूनच असा माणूस क्वार्टर पोटात असतानाही सरळ चालतो, आणि घरचे म्हणतात की त्याला आता चढतही नाही. रस्सीखेचीत समोरच्या गटाने एकदम दोर सोडला की ओढणारा गट जसा पाठीवर आपटतो, तशी दारू अचानक बंद झाली की या मेंदूची गत होते. हा मनाचा दुबळेपणा नाही. इच्छाशक्ती कितीही असली तरी ग्राहकांची संख्या चार तासांत पूर्ववत होत नाही.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात कापू लागतात. सकाळी चहा बशीत ओतताना अर्धा ओट्यावर सांडतो, आणि एक घोट पोटात गेला की तोच हात स्थिर होतो. ही खूण ज्या घराला ओळखीची आहे, त्या घराने दारू स्वतःच्या बळावर एकाएकी बंद करू नये. घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणे हेही याच काळातले. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिटचे झटके येतात. काहींना भिंतीवर किडे दिसतात, अंगावर मुंग्या चालल्यासारख्या वाटतात, खोलीत नसलेल्या माणसांशी ते बोलू लागतात. आमच्याकडे अशा वेळी ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषीकडे नेतात, आणि नेमके मोलाचे तास तिथे निघून जातात. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, डेलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था येऊ शकते: ताप, वाढलेला रक्तदाब, सर्वांगाला कंप, आणि आपण कुठे आहोत याचेही भान नाही. उपचार नसत तेव्हा या अवस्थेतल्या रुग्णांपैकी एक तृतीयांशापर्यंत दगावल्याच्या जुन्या नोंदी आहेत. आज वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहते. आणि संदेशात कोंडून ठेवायला सांगितलेले चार दिवस नेमके हेच आहेत.

“हे दारूमुळे नव्हे, उपाशी राहिल्याने होते,” असेही काहीजण सांगतात. या शंकेचे उत्तर १९५५ सालीच मिळाले आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन येथे हॅरिस इसबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या १० बंदिवानांना ७ ते ८७ दिवस दारू दिली आणि मग ती एकदम बंद केली. त्यांचा आहार चांगला होता, जीवनसत्त्वेही दिली जात होती. तरीही जे ४८ दिवस किंवा त्याहून अधिक काळ पीत होते, त्यांच्यात झटके आणि भ्रम दिसले. बंदिवानांवरचा असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्या माणसांनी सोसलेल्या हालांतून जे कळले, ते आपण विसरावे हे मला पटत नाही.

अलीकडचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद झाल्यावर केरळात तडकाफडकी दारू तुटलेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते, कारण या अवस्थेवर शास्त्रशुद्ध औषधे उपलब्ध आहेत. पण दारू अचानक तुटणे ही वैद्यकीय आपत्ती असते, एवढे त्या आठवड्याने साऱ्या देशाला दाखवले.

शनिवार-रविवारी दोन पेग घेणाऱ्याला यातले काही होत नाही, आणि रोज पिणाऱ्यांपैकीही बहुतेकांचा त्रास सौम्य राहतो. धोका कोणाला जास्त, हे मात्र आधी ओळखावे लागते: सकाळी उठल्या उठल्या दारू लागणारा, पूर्वी कधी झटका येऊन गेलेला, काविळीने किंवा दुसऱ्या आजाराने खंगलेला.

“जेवणातून नकळत औषध द्या, दारूची किळस येईल.”

हे औषध बहुधा डायसल्फिराम असते. १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन त्याचा जंतांवरचे औषध म्हणून अभ्यास करत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले आणि त्यानंतर दारू घेतल्यावर त्यांची तब्येत बिघडली, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. यकृतात दारूचे आधी असिटाल्डिहाइड होते आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचे निरुपद्रवी असिटेटमध्ये रूपांतर करते. डायसल्फिराम हे विकर कायमचे निकामी करते आणि शरीराला ते नव्याने बनवावे लागते, म्हणून शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. मधल्या काळात दारू प्यायल्यास विषारी असिटाल्डिहाइड साचते: तोंड लाल होते, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या रुग्णाला त्यातून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. दारू पोटात असताना, म्हणजे शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास, ही गोळी द्यायचीच नसते. आणि रुग्णाला पूर्ण माहिती दिल्याशिवाय ती कधीही देऊ नये, असा इशारा तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच असतो.

या औषधाने किळस उत्पन्न होत नाही, दारूची ओढही ते फारशी कमी करत नाही. ते भीतीवर चालते. ‘मी गोळी घेतली आहे, आता प्यायलो तर हाल होतील’ हे ज्याला ठाऊक आहे तो गुत्त्याच्या दारातून परत फिरतो. ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीप्रमाणे पितो, रस्त्यात कोसळतो, आणि दवाखान्यात कोणालाच कारण सांगता येत नाही. म्हणजे लपवून दिल्याने औषधाचा उपयोग जातो आणि धोका तेवढा उरतो. यकृताला होणारी इजा, क्वचित उद्भवणारा मानसिक भ्रम यांवर लक्षही ठेवता येत नाही. पुढे कधी हे उघडकीस आले की त्या माणसाचा घरच्या ताटावरचा विश्वास उडतो. बिननावाच्या पुड्यांबद्दल तर काय बोलावे? आत काय आहे हेच कळत नसेल, तर उतारा कशावर द्यायचा?

“झोपेच्या गोळ्या म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे.”

यात अर्धे सत्य आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम या गोळ्यांचे व्यसन लागू शकते. म्हणून त्या एच-१ अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत आणि त्यांची नोंद मला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा मागणाऱ्यांना मी परत पाठवतो. पण दारू तोडताना त्या झोपेसाठी नसतात. त्या गाबाच्याच मार्गाने काम करतात, म्हणून सुटलेला दोर त्या काही दिवस हातात धरतात आणि मात्रा रोज कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद होतात. १९६९ साली अमेरिकेत ५३७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्यांना झटके आणि भ्रम सर्वांत कमी झाले. यासोबत थायामिनचे, म्हणजे बी-१चे, इंजेक्शनही लागते. त्याची कमतरता असताना नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाऊ शकते. अशक्तपणा आहे म्हणून परस्पर ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

“बिअर चालते.”

८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम इथेनॉल असतो. ३० मिलिलिटर व्हिस्कीत तो सुमारे १० ग्रॅम असतो. एक बाटली म्हणजे चार पेग.

आणि चार दिवसांत ‘शुद्ध’ झाल्यावर काम संपते असेही नाही. ओढ पुढे कितीतरी महिने टिकते. तिच्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे, समुपदेशन आणि पुण्यातल्या १९८६ पासूनच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

त्या बाईंना मी गोळीऐवजी एक कागद दिला आणि त्यावर चार ओळी लिहून आणायला सांगितले: रोज किती आणि किती वर्षे, शेवटचा घोट कधी घेतला, पूर्वी कधी फिट आली होती का, आणि आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. झटका आला, ताप चढला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर कागदासाठीही न थांबता १०८ ला फोन करायचा, हे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले.