"तिने काय केलं, म्हणून ती सॉरी म्हणतेय?"

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी मेलबर्नहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला लगेच निघता आलं नव्हतं. त्याच्या शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजी त्याच्यासाठी जेवण घेऊन आल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, "आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणाल्या आणि त्यांना पुढे बोलवेना. माझ्याजवळ बसलेल्या आत्याने हळूच विचारलं, "अगं, ती का सॉरी म्हणतेय? तिने काय केलं?"

"त्यांच्यात तसं म्हणतात," एवढंच मी तेव्हा बोलले. पण वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते मी, आणि आत्याला नीट उत्तर देता आलं नाही, हे मनात राहिलं. आज ते लिहून काढतेय.

मुलांना विचारलं की सगळी सांगतात, सॉरी म्हणजे माफ करा. पण या शब्दात माफी मुळात नव्हतीच. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, दुखणं. त्याला प्रत्यय लागून 'सारिग' झालं, म्हणजे ज्याला दुखतंय तो, दुःखाने भरलेला. तोच आजचा सॉरी. घसा दुखायला लागल्यावर आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो ना, तो सोअर याचा सख्खा भाऊ. गंमत म्हणजे 'सॉरो', म्हणजे दुःख, हा शब्द मात्र या घरातला नाही. त्याचं मूळ वेगळं आहे, जर्मन भाषेत काळजीला जो शब्द आहे त्याच्याशी नातं सांगणारं. सॉरी आणि सॉरो इतकी शतकं शेजारी राहिले की एकमेकांसारखे दिसायला लागले.

याच 'सार'चा जर्मन भाऊबंद म्हणजे 'झेअर'. आज त्याचा अर्थ आहे 'खूप', पण मुळात 'दुखेल इतकं'. इंग्रजीतही तसंच झालं होतं. १६११ च्या बायबलमध्ये मेंढपाळ देवदूताला पाहून 'सोअर अफ्रेड' होतात, म्हणजे फार घाबरतात. आपण 'भयंकर आवडलं' म्हणतो, 'मरणाचा उकाडा' म्हणतो, तसंच हे. माणसाला 'खूप' म्हणायचं असलं की तो दुखण्याकडे, भीतीकडे, मरणाकडे वळतो. मला हे फार माणुसकीचं वाटतं.

तर सॉरी म्हणजे 'मला दुखतंय'. तुझं दुःख पाहून दुखतंय, किंवा माझ्या हातून तुला लागलं म्हणून दुखतंय. दुसऱ्या अर्थाचा वापर वाढत गेला आणि आपल्याकडे शब्द आला तो जवळजवळ तेवढाच अर्थ घेऊन. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. म्हणून आत्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

आता आपले शब्द बघा. माफी अरबीतून आली आणि तिच्यात सूट देणं आहे, म्हणून तर कर्जमाफी होते, फी माफ होते. क्षमेच्या मुळाशी सोसणं आहे. संस्कृतात क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा, सगळं सोसणारी. हे दोन्ही शब्द समोरच्याकडून काहीतरी मागतात. पण तिसरा शब्द बघा, दिलगिरी. फारसीतला 'दिलगीर' म्हणजे ज्याचं काळीज कुणीतरी मुठीत धरलंय असा, खिन्न. जुन्या मराठीत माणूस नुसता दुःखाने दिलगीर व्हायचा, चूक केलेली असायची गरज नव्हती. म्हणजे सॉरीचा खरा जोडीदार आपल्याकडे होता आणि आपण त्याला सरकारी पत्रात आणि दुकानाच्या पाटीवर नेऊन बसवलं.

हे सगळं शब्दकोशातलं झालं. पण ऑस्ट्रेलियात या एका शब्दावरून अख्खा देश वर्षानुवर्षं वाद घालत होता. तिथल्या मूलनिवासी कुटुंबांतली मुलं सरकार आणि मिशनरी संस्था आईबापांपासून तोडून नेत. १९९७ च्या चौकशी अहवालाने म्हटलं की १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं नेलं गेलं. लोकांची मागणी होती की सरकारने सॉरी म्हणावं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत 'रिग्रेट' म्हणजे खेद मांडला, पण सॉरी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं, आजच्या पिढीने जे केलंच नाही त्याचा दोष तिने का घ्यावा?

ऐकलंत? हा आत्याचाच प्रश्न आहे. तिने काय केलं, म्हणून सॉरी? फक्त आत्याने तो न कळून विचारला होता.

२८ मे २००० ला सिडनीच्या हार्बर पुलावरून सुमारे अडीच लाख माणसं चालत गेली आणि वर आकाशात विमानाने धुराने एकच शब्द लिहिला, सॉरी. अखेर १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि 'आम्ही सॉरी म्हणतो' हे त्यांनी तीनदा म्हटलं. भावाकडून मला आणखी एक कळलं. तिथल्या मूलनिवासींमध्ये कुणी गेलं की जो दुखवटा पाळतात, त्याला इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणतात. कामं थांबतात, नातेवाईक जमतात, गेलेल्याचं नाव घेत नाहीत. आपलं सुतकच. ज्यांच्यावर ही भाषा लादली गेली, त्यांनी त्या शब्दातलं मूळचं दुःख जपून ठेवलंय.

दोष अंगाला चिकटेल म्हणून वाईट वाटल्याचं बोलायचंच नाही, ही भीती मी खूप जवळून पाहिली आहे. आई ज्या दवाखान्यात होती तिथे एका रात्री तिचं औषध चार तास उशिरा दिलं गेलं. त्याने ती गेली असं मी म्हणत नाही. पण सकाळी विचारायला गेले तर प्रत्येकाची नजर खाली. शेवटी एक छापील कागद हातात आला, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. मला तक्रार करायची नव्हती. कुणीतरी माझ्याकडे बघून बोलावं, एवढंच हवं होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये यासाठी कायदा केला. अपघातानंतर कुणी सहानुभूतीने 'सॉरी' म्हटलं, तर ते भरपाईच्या दाव्यात कोर्टात चुकीची कबुली म्हणून वापरता येणार नाही. त्यामागे तिथल्या एका सिनेटरचं दुःख होतं. सायकलवरून जाणारी त्याची मुलगी गाडीखाली गेली आणि चालकाने कधी वाईट वाटल्याचा एक शब्दही काढला नाही, कारण तो शब्द कबुली ठरेल अशी भीती. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा २००९ चा कायदा याच्याही पुढे गेला. आपल्या डॉक्टरांना, नर्सना असं मोकळेपणाने बोलता यावं असं मला मनापासून वाटतं. त्यांनाही ते आत दाबून ठेवणं सोपं जात नसणार.

त्या दवाखान्यात एकीने मात्र म्हटलं. फरशी पुसणाऱ्या मावशी. आईची पलंगाखालची चप्पल त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लई वाईट वाटलं बघा ताई."

तेरावं झाल्यावर एका दुपारी आत्याला हे सगळं सांगितलं. सार, दिलगीर, ते आकाशात लिहिलेलं. ती भाजी निवडत ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईला कळव गं. पोचलं म्हणावं."