अमायलेज-लायपेज नॉर्मल आले म्हणून पचन ठीक आहे असं होत नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मी पूर्ण वाचला. वडिलांचं पोट कित्येक महिने बिघडलेलं, संडास तेलकट, वजन उतरलेलं, आणि तरी आमच्या लॅबनं 'एन्झाइम नॉर्मल' म्हणून रिपोर्ट हातात ठेवला, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या लॅबमध्ये लायपेजचा आकडा कितीतरी जास्त आला, आणि नंतर आणलेला संडासचा नमुना आम्ही परत केला, याही तक्रारी आहेत. वडिलांचे आकडे मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचे खासगी आहेत. पण उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं देतो, कारण गंगापूर रोडच्या आमच्या काउंटरवर हाच गैरसमज घेऊन खूप लोक येतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीरम (म्हणजे रक्तातलं) अमायलेज आणि लायपेज लिहिलं होतं, ते आम्ही केलं. हे दोन्ही एन्झाइम, म्हणजे जेवण पचवणारे घटक, स्वादुपिंडात बनतात आणि आतड्यात जाऊन काम करतात. रक्तात ते एरवी थोडेच असतात. स्वादुपिंडाला अचानक सूज आली, पेशींना इजा झाली, की ते रक्तात उतरतात आणि आकडा चढतो. वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या पुढे गेला तर डॉक्टर ॲक्यूट पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या अशा अचानक सुजेचा, विचार करतात, तोही पोटदुखी आणि सोनोग्राफी-सीटी यांच्याशी ताडून. थोडासा वाढलेला आकडा किडनीच्या त्रासातही दिसतो. गालगुंडात अमायलेज वाढतं, कारण ते लाळग्रंथींतही बनतं.

म्हणजे ही तपासणी इजेची आहे. जेवण पचवायला पुरेसा रस आतड्यात येतोय का, हे ती सांगत नाही. उलट, वर्षानुवर्षं हळूहळू निकामी होत गेलेल्या स्वादुपिंडात रक्तात उतरण्याइतके एन्झाइम उरलेलेच नसतात. अशा पेशंटचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात. मला काळजी वाटते ती याचीच. शिवाय जोरात दुखलं त्यानंतर आठवड्यानं तुम्ही आलात, असं तुम्हीच लिहिलंय. अमायलेज साधारण ३ ते ५ दिवसांत खाली येतं. लायपेज ८ ते १४ दिवस टिकू शकतं, म्हणून उशिरा आलेल्यांत त्याला जास्त महत्त्व.

दुसऱ्या लॅबच्या आकड्याबद्दल. लायपेज मोजायच्या पद्धती मशीनप्रमाणे बदलतात. एका पद्धतीत वरची मर्यादा ६० असते, दुसरीत ३०० किंवा त्याहून पुढे. दोन रिपोर्टचे नुसते आकडे शेजारी ठेवू नका, प्रत्येक आकडा त्याच कागदावर छापलेल्या रेंजशी ताडून बघा.

आता नमुना. पचनाची ताकद बघायला संडासमधलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडातलंच आणखी एक एन्झाइम, तपासतात. एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सहसा ठीक, १०० च्या खाली असेल तर कमतरता बरीच मोठी. पण संडास पाण्यासारखी पातळ असेल तर एन्झाइम त्यात विरळ होतं आणि आकडा खोटा कमी येतो. त्या नमुन्यावर पैसे घेऊन रिपोर्ट देणं आम्हाला सहज जमलं असतं. त्यावरून वडिलांना नसलेला आजार चिकटला असता, म्हणून घेतला नाही, आणि यापुढेही घेणार नाही.

जुलाब थांबले, संडास थोडी घट्ट झाली, की आमच्याकडच्या डबीत नमुना आणा. डॉक्टरांनी एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या या तपासणीसाठी बंद करू नका. ही तपासणी माणसाच्या स्वादुपिंडातलं इलास्टेज मोजते, कॅप्सूलमधल्या प्राणिज एन्झाइमनं तिच्यात फरक पडत नाही.

वजन उतरतंय ही गोष्ट मात्र नमुन्यासाठी थांबवून ठेवू नका. दोन्ही रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना भेटा. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर लॅबमध्ये न येता थेट हॉस्पिटल गाठा. रिपोर्ट समोर ठेवून समजून घ्यायचे असतील तर वडिलांना घेऊन सकाळी या. मी स्वतः बसेन, त्याचे पैसे लागणार नाहीत.