पांढऱ्या पाटीचा धंदा

मुंबईची नोकरी सोडून तुम्ही मालवणात परत आला आहात. होमस्टेच्या चार खोल्यांचे हप्ते चालू आहेत आणि खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, दोन स्कूटर उभ्या आहेत, एक तुमची आणि एक वडिलांची. समोरच्या रस्त्याने पाठीवर सॅक घेतलेली पोरं तारकर्लीच्या दिशेने घामाघूम होऊन चालत जातात. एसटी किती वाजता ते त्यांना ठाऊक नाही, आणि रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ती नुकतीच चालायला लागली आहेत. अशा वेळी मनात विचार येतो की गाडी भाड्याने द्यावी. अवश्य द्या. फक्त एक पथ्य पाळा, कायद्याच्या नादी लागू नका.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ७५ व्या कलमाखाली केंद्र सरकारने १९९७ साली मोटारसायकली भाड्याने देण्याची योजना काढली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तोही १९९७ सालीच. इतकी वर्षं झाली, दोघांची अजून ओळख करून दिलेली दिसत नाही. योजना सांगते की हा धंदा करायचा तर परिवहन खात्याचा परवाना घ्या, गाड्या भाड्याच्या म्हणून पासिंग करून घ्या आणि त्या किमान पाच असू द्या. तुमच्याकडे दोन आहेत. म्हणजे दोन गाड्या भाड्याने देणं बेकायदा, आणि कर्ज काढून आणखी तीन घेतल्या की तेच काम सनदशीर. रागावू नका. मोटारींच्या बाबतीत अशाच योजनेने ५० चा आकडा घातलेला आहे, तुमच्यावर सरकारने त्या मानाने दयाच केली.

समजा, तुम्ही हट्टी आहात आणि पाच गाड्या घेतल्या. मग भाड्याच्या गाडीची काळी नंबरपाटी, तिच्यावर पिवळे आकडे, परमिट, फिटनेस, व्यावसायिक विमा. ओरोसच्या परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या. प्रत्येक फेरीला एका कागदाची झेरॉक्स कमी पडणार. एवढं करून तुम्ही रोजचं भाडं जरा चढं लावणार, आणि शेजारचा बंड्या त्याच रस्त्यावर पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी, गाडी तुमच्यापेक्षा दोनशे रुपये कमी घेऊन देणार. शिवाय नाक्यावर अडवली जाईल ती तुमचीच गाडी. काळी पाटी लांबून ओळखू येते, आणि ज्याच्याकडे कागद आहेत त्याचेच कागद तपासता येतात. बंड्याच्या गाडीत तपासण्यासारखं काही नसतंच. ती घरची गाडी असते आणि चालवणारा घरचा माणूस असतो.

आता या घरच्या माणसाविषयी. या धंद्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गाडीची किल्ली देताना गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचं, ‘साहेबानू, काय्येक होवचा नाय. पोलिसान इचारल्यान तर माझो मेवणो म्हणून सांगा.’ मे महिना लागला की तुम्हांला मेव्हणे फुटायला लागतात. कोल्हापूरचे, नाशिकचे, बेळगावचे. दिवाळीत तर बंगळुरूचे दोन मेव्हणे येतात, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही. तुमच्या बायकोला एकच भाऊ आहे आणि तो ठाण्यात असतो, ही गोष्ट पोलिसांनाही माहीत असते, कारण त्यातला एक त्याच्या वर्गात होता.

एकदा बाजारपेठेच्या तोंडावर उभं राहून ही चौकशी ऐकाच.

‘गाडी कोणाची?’

‘मेव्हण्याची.’

‘नाव काय मेवण्याचा?’

‘भाई.’

‘हंय सगळेच भाई. आडनाव?’

इथे तो बिचारा डिकी उघडून आरसीची झेरॉक्स शोधतो आणि स्वतःच्या मेव्हण्याचं आडनाव त्यावरून वाचून दाखवतो. तेही चुकीचं, कारण गाडी अजून तुमच्या वडिलांनी ज्याच्याकडून घेतली त्याच्याच नावावर आहे. हवालदार हसतो. हेल्मेट नसल्याचं चलन फाडतो आणि सोडून देतो. ते चलन मोबाइलवर कुणाला जाणार? जुन्या मालकाला. त्याने तुमच्याशी बोलणं केव्हाच सोडलं आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एक ठेवा. खळ्याच्या खांबाला खिळा मारून त्यावर टांगून ठेवा. क्लिप तुटलेली असली तर उत्तम, म्हणजे कुणी नेत नाही. आत डोकावलं तर स्पंज निघून नुसता थर्माकोल दिसतो आणि आजवरच्या सगळ्या मेव्हण्यांच्या तेलांचा एकत्रित वास येतो. कायद्याच्या १२९ व्या कलमाला चालवणाऱ्याच्या आणि मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर हेल्मेट हवं असतं, पण दोन ठेवलीत तर लोकांना वाटेल तुम्ही रस्त्यांबद्दल काही सुचवताय.

पेट्रोल मोजून ठेवा. काटा इतकाच हलला पाहिजे की गाडी पंपापर्यंत पोचावी आणि पंपावर रांग असली तर पोचू नये. पुढच्या वळणावरच्या किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळतंच, आणि दुकान तुमच्या चुलत्याचं आहे.

आधार कार्ड मूळ ठेवून घ्या. ते ड्रॉवरमध्ये रबर लावून गठ्ठ्यात ठेवायचं. संध्याकाळी सगळे एकदम परत येतात तेव्हा पुण्याच्या बाईंच्या हातात सांगलीच्या गृहस्थांचं कार्ड जातं आणि त्या ते घेऊन कराडपर्यंत पोचतात. लायसन मात्र मागू नका. मागितलं की उगाच कळतं की नाही. सतरा वर्षांचा मुलगा ‘बाबा येतायत मागून’ म्हणाला, तर बाबांची वाट बघू नका, किल्ली द्या. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर १९९अ कलमाखाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. पण पोरगा उंच आहे. आणि बाबा खरंच मागून येत असतात, दुसऱ्या गाडीवर, ती बंड्याची.

दाखवायचा कायदा संपला. आता न दाखवायचा, म्हणजे विमा. तुमच्या खाजगी पॉलिसीच्या पानांत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्यात भाड्याने देणं बसत नाही. विम्याचा हप्ता भरताना तुम्ही ते वाचलेलं नाही आणि वाचू नका. देवबागच्या अरुंद रस्त्यावर, एका बाजूला दगडी गडगा आणि एका बाजूला माड, समोरून वाळूचा डंपर येतो. मेव्हणा नाशिकच्या रुंद रस्त्यांवर वाढलेला. तो डावीकडे घेतो, आणि डावीकडे रस्ता नसतो. पाय मोडला, गाडीचं पुढचं सगळं गेलं. रस्त्याने चालणाऱ्या एका म्हातारीला लागलं. आता विमा कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तुम्हांला पाठवलेले सातशे रुपये बघतो, त्यावर त्याने स्वतः लिहिलेलं ‘स्कूटी रेंट’ बघतो आणि फाइल बंद करतो. म्हणून पैसे रोखच घ्यावेत. म्हातारीच्या दवाखान्याचा खर्च मात्र तिच्या मुलाने ऑनलाइन मागितला तर नाही म्हणू नका, ती तुमच्याच वाडीतली आहे.

एवढं सगळं उघड्यावर चालतं तर कुणी काही म्हणत कसं नाही, असा भाबडा प्रश्न पडला असेल तर तुम्ही मुंबईत फार दिवस राहिलात. म्हणणारे खूप आहेत, त्यातच मजा आहे. गाडीच्या पाटीबद्दल बोलायचं ते परिवहन खात्याने. हेल्मेटबद्दल पोलिसांनी. ज्या रस्त्यावर गाडी उभी आहे तो बांधकाम खात्याचा. किनारा मेरिटाइम बोर्डाचा आणि कोस्टल झोनच्या नियमांचा. मालवण सोडलं की वायरीची ग्रामपंचायत, मग तारकर्लीची, मग देवबागची. एकाच मेव्हण्याला नाश्त्यापासून मासे खाण्यापर्यंत चार स्थानिक स्वराज्य संस्था लागतात आणि त्यातल्या एकीलाही गाडी भाड्याने देण्याचा परवाना द्यायचा किंवा नाकारायचा अधिकार नाही. तो ओरोसला.

नगर परिषदेच्या हातात १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने जे दिलं आहे ते जागेचं. गटार, अतिक्रमण, पार्किंग. तरीही सर्वसाधारण सभेत विषय येतोच. नगराध्यक्ष असोत नाहीतर प्रशासक, टिपणी एकच असते: ‘शहरात भाड्याच्या दुचाकींमुळे वाहतूक कोंडी होत असलेबाबत.’ चर्चा दोन तास. एक सदस्य म्हणतो बंदी घाला, दुसरा म्हणतो पर्यटन बुडेल, तिसरा गप्प, कारण त्याच्या मुलाच्या चार गाड्या आहेत. शेवटी ठरतं की बाजारपेठेत ‘नो पार्किंग’चा फलक लावावा. फलक लागतो. त्याच्या खांबाला टेकवून उभी करायला गाडी छान बसते.

अभ्यासू सदस्य असेल तर तो पॅरिसचं नाव काढेल. काढू द्या. त्या शहराने आधी उभ्याने चालवायच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर दोन वर्षं मोकाट सोडल्या, मग २०२० साली तीनच कंपन्या निवडल्या, प्रत्येकीला ५ हजार गाड्यांची मर्यादा, वेगाला ताशी २० किलोमीटरची मर्यादा आणि पार्किंगला आखलेल्या जागा. तरी लोकांचं समाधान होईना, म्हणून २ एप्रिल २०२३ रोजी चक्क मतदान घेतलं. आलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के विरोधात. मतदारांतले ८ टक्केसुद्धा आलेच नव्हते, हा भाग वेगळा. सप्टेंबर उजाडायच्या आत सगळ्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. आपल्याला यातून घेण्यासारखं एकच, की मोजणी करायची नाही. त्यांना किती गाड्या आहेत हे माहीत होतं म्हणून कमी करता आल्या. मालवणात किती आहेत हे कुणीही सांगू नये, आणि कुणी सांगतही नाही.

शेजारचं उदाहरण त्याहून धोक्याचं. बांद्याच्या पलीकडे गेलात की गोव्यात काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर ही रोजची गोष्ट आहे. पांढऱ्या पाटीची भाड्याने दिलीत तर तिथे पोलीस अडवतात. म्हणजे काळी पाटी कोकणच्या हवेत गंजत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. हा मुद्दा सभेत कुणी काढला तर ताबडतोब गोव्याच्या दारूकडे विषय वळवा. हमखास वळतो.

आणखी एक पळवाट आहे, हुशार माणसासाठी. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच ठरत नाही. नोंदणी नाही, लायसन नाही. धंदा पूर्ण कायदेशीर. फक्त कोकणात चढ आहेत. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, जायचं म्हटलं की मागची बाई उतरणार, पुढचा अर्ध्या चढावर उतरणार आणि दोघं ढकलत वर पोचल्यावर तुम्हांला फोन करणार.

किनाऱ्यावरच्या चार चाकांच्या बाइकचं काय, हेही विचाराल. ती घ्या. तिला पाटीच नसते, त्यामुळे काळी की पांढरी हा वाद मिटतो. कासवांच्या अंड्यांचा हंगाम चालू असेल तेव्हा फक्त ‘रात्री चालवत नाही’ म्हणायचं. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येऊन अंडी घालते आणि घरटं त्यानंतर दीडेक महिना दिवसासुद्धा तिथेच असतं, हे वन खात्याच्या लोकांना माहीत आहे, पण ते तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात, वेळासला असतात. किल्ली देताना भरती-ओहोटी मात्र सांगू नका. दरवर्षी कुणीतरी गाडी ओल्या वाळूत रुतवतो, लाटा सीटपर्यंत येतात, आणि ट्रॅक्टर तुमच्या मामाचा आहे.

असा दोन-तीन हंगाम धंदा बसला, की एक दिवस पुण्याची कंपनी येईल. तिच्याकडे ॲप, ५० गाड्या, सगळ्यांना काळी पाटी, सगळ्यांचा व्यावसायिक विमा, प्रत्येकीबरोबर दोन हेल्मेटं, तीही क्लिपवाली. भाडं तुमच्यापेक्षा शंभराने कमी. बसस्टँडसमोर जागा भाड्याने घेऊन, पावती देऊन ते उभे राहतील. तुमच्या गिऱ्हाइकाला तिथे मेव्हणा व्हावं लागणार नाही.

त्या दिवशी तुम्हांला कायद्याची खरी गरज लागेल. बंड्याला बोलवा, चुलत्याला बोलवा, चार गाड्यांच्या मुलाच्या वडिलांनाही बोलवा. मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्या. मजकूर असा: ‘शहरात बाहेरून आलेल्या व्यावसायिकांनी दुचाकी भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला असून त्यावर नगर परिषदेचे कोणतेही नियंत्रण नाही. तरी सदर व्यवसायाची परवाने, विमा व पार्किंग याबाबत काटेकोर तपासणी करून भूमिपुत्रांवरील अन्याय दूर करावा.’ प्रत पालकमंत्र्यांना, प्रत पोलीस निरीक्षकांना, प्रत परिवहन अधिकाऱ्यांना. अधिकारी तपासणी करतील. कंपनीचे कागद तपासायला लागणार तेवढे दिवस तिच्या गाड्या उभ्याच राहतील, आणि हंगाम तसा छोटाच असतो.

निवेदनाखाली सह्या किमान पन्नास तरी हव्यात. स्थानिक कमी पडले तर त्या दिवशी ज्यांना गाड्या दिल्या असतील त्यांच्याकडून घ्या. आधार कार्डं ड्रॉवरमध्ये आहेतच.