विंचवाचं बिऱ्हाड आणि जांभळा झोत

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विवेक रणदिव्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘सॅक्रॅमेंटो किंग्ज वाचवणारा आपला मुंबईकर!’ किंग्ज ही आमच्या कॅलिफोर्नियातल्या गावाची बास्केटबॉल टीम, २०१३ मध्ये दुसऱ्या गावाला जाता जाता राहिली, आणि रणदिवे तिचे मालक. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकच ओळ लिहिली, ‘वाचवली खरी, पण पार्किंगचे पैसे आपण भरतोय.’ ग्रुपवर सामसूम झाली. दहा मिनिटांनी एका काकांनी गणपतीचा फोटो टाकला आणि विषय संपला. तिथे संपला, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे कुणी ‘तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं’ म्हणायला नको. मी नागपूरचा. शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टवर, जाळी नसलेल्या रिंगवर खेळलोय. बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडण व्हायचं. २००४ मध्ये सॅक्रॅमेंटोला आलो आणि तेव्हापासून किंग्जचा आहे. म्हणजे दोन वर्षं सुखाची आणि त्यानंतर सलग सोळा सीझन प्लेऑफचं तोंड न बघता काढलेले. ही टीम आवडायला नुसतं प्रेम पुरत नाही, सोशिक स्वभावही लागतो.

किंग्ज म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. १९४५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात ‘रॉयल्स’ म्हणून सुरुवात. १९५१ मध्ये एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद. ते पहिलं आणि आजवरचं शेवटचं. १९५७ मध्ये सिनसिनाटी. १९७२ मध्ये कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशी दोन गावांत विभागलेली चूल. कॅन्सस सिटीत बेसबॉलची ‘रॉयल्स’ आधीच नांदत होती, म्हणून यांनी नाव बदलून ‘किंग्ज’ केलं. तीन वर्षांनी ओमाहा सुटलं. १९७९ मध्ये कॅन्सस सिटीतल्या अरीनाचं छप्पर वादळी पावसात कोसळलं (आत कुणी नव्हतं म्हणून बरं) आणि टीमला पुन्हा जुन्या सभागृहात जावं लागलं. शेवटी १९८५ मध्ये सॅक्रॅमेंटो. इथेही आधी जेमतेम दहा हजार खुर्च्यांची तात्पुरती इमारत होती, पुढे तिचं ऑफिस झालं. मग १९८८ मध्ये नटोमसच्या शेतांमध्ये आर्को अरीना उभा राहिला.

आता मला सांगा, पाच गावं फिरलेल्या आणि नावही दुसऱ्याच्या धाकाने बदललेल्या टीमची ‘ओळख’ म्हणजे नक्की काय?

आर्कोत गेलेल्यांना माझ्याआधी उत्तर सुचेल: गोठ्यातल्या घंटा. लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या गावाची अर्धवट सुधारलेलं म्हणून चेष्टा केली होती. गावाने काय केलं, तर गाईच्या गळ्यातल्या घंटा आणल्या आणि लेकर्सच्या कानाशी बडवल्या. गावंढळ म्हणता ना, घ्या मग! हा खाक्या मला अगदी वऱ्हाडी वाटतो. २००२ मध्ये त्याच लेकर्सविरुद्ध पश्चिम विभागाच्या फायनलचा सहावा सामना झाला. शेवटच्या एका क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले, म्हणजे पंचांनी फाऊल दिल्यावर मिळणारे मोकळे फेक. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ऑफिसमध्ये रुजू झालो त्या आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी हा आकडा सांगितला. दुखणं जुनं असलं की त्याचे आकडे पाठ असतात.

पण आर्को भक्कम कधीच नव्हता. घाईत, स्वस्तात बांधलेला. तिथे श्रीमंतांसाठीचे बंदिस्त कक्ष कमी, आणि अलीकडच्या टीमांची खरी कमाई तिथेच. १९९७ मध्येच टीम अडचणीत आली होती आणि शहराने तिला सात कोटी डॉलरहून जास्त कर्ज दिलं होतं. नंतर टीम मलूफ कुटुंबाकडे आली, लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्यांकडे. २००६ मध्ये नव्या अरीनासाठी विक्रीकरात पाव टक्का वाढ करायची का, असं मतदान झालं. आणि त्याच सुमारास एका बर्गर कंपनीच्या जाहिरातीत मलूफ बंधू झळकले: सहा हजार डॉलरच्या जेवणात बर्गर आणि जुनी फ्रेंच वाईन! लोकांनी प्रस्ताव दणदणीत फरकाने पाडला. जाहिरातीमुळेच पडला असं मी म्हणणार नाही, पण हात पसरायच्या आधी निदान ग्लास तरी खाली ठेवावा.

मग सुरू झालं ते नाटक ज्याला मी घरजावयाचं नाटक म्हणतो. घरजावई वाईट नसतो, पण दर काही वर्षांनी तो बॅग भरून दारात उभा राहतो: नवीन घर बांधून द्या, नाहीतर शेजारच्या गावातून स्थळ आलंय. २०११ मध्ये स्थळ होतं अनाहाइमचं. ‘अनाहाइम रॉयल्स’ हे नाव नोंदवायला अर्जही गेला होता, म्हणजे बारसं आधीच उरकलं होतं. २०१२ मध्ये शहराशी करार ठरला, टाळ्या झाल्या आणि काही आठवड्यांत मलूफांनी अंग काढून घेतलं. २०१३ च्या जानेवारीत तर त्यांनी टीम सिएटलच्या गटाला विकायचं ठरवूनच टाकलं. पैसे होते ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामरचे.

इथे सिएटलबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. २००८ मध्ये त्यांची बास्केटबॉल टीम सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीने नेली, कारण सिएटलमध्येही नवा अरीना बांधून द्यायला जनतेने नकार दिला होता. ४१ वर्षांची टीम गेली. नाव आणि हिरवे-पिवळे रंग तेवढे मागे राहिले, माणूस गेल्यावर खुंटीवर कोट राहावा तसे. आता तेच सिएटल आमची टीम न्यायला आलं होतं. सॉनिक्सच्या आठवणीने डोळे ओले करणारा माझा तिथला मित्र त्या दिवसांत फोनवर किती उत्साहात होता! आम्ही दोघं एकाच भाकरीवर भांडत होतो, आणि भाकरी मुद्दाम एकच ठेवलेली होती. एनबीएत टीम तीसच. गावं त्याहून जास्त. एखादं गाव कायम उपाशी राहिलं तरच बाकीची गावं नवे अरीना बांधत राहतात. हा सगळा धंदा या एका गणितावर चालतो.

आमचे तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन, याच गावचे आणि फिनिक्सकडून एनबीए खेळलेले. त्यांनी खरेदीदार जमवायला सुरुवात केली आणि पुढे आले रणदिवे. मुंबईत जन्म, पुढे एमआयटी, टिब्को कंपनीचे संस्थापक, तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये हिस्सेदार. एप्रिलमध्ये एनबीएच्या समितीने ७-० ने स्थलांतराच्या विरोधात कौल दिला, १५ मे २०१३ ला सगळ्या मालकांनी २२-८ ने तो उचलून धरला. टीमचं मोल धरलं गेलं ५३ कोटी ४० लाख डॉलर. त्या रात्री मी आणि बायको मुलाला झोपेतून उठवून सांगायला गेलो. तो सात वर्षांचा होता. ‘मग उद्या शाळेला सुट्टी का?’ एवढंच त्याने विचारलं.

आता ग्रुपवरच्या त्या शांततेबद्दल. नव्या अरीनाचा अंदाजे खर्च पंचावन्न कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातला शहराचा वाटा होता २५ कोटी ५० लाख, आणि त्यातला मोठा भाग रोखे काढून उभा राहिला. ते फेडायचे कशातून, तर पुढच्या कित्येक वर्षांच्या पार्किंगच्या उत्पन्नातून. डाउनटाउनमध्ये दातांच्या डॉक्टरकडे गेलात, पासपोर्टच्या कामाला गेलात, मीटरमध्ये नाणी टाकलीत, की थोडे किंग्जच्या खात्यात. बास्केटबॉल बघत असा वा नसा. इमारत शहराच्या मालकीची आहे आणि टीम भाडं भरते हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धसत्य होईल. पण या वेळी लोकांना थेट विचारलं गेलं नाही. मतदान घ्या म्हणून हजारो सह्या गोळा झाल्या, त्या अर्जांतल्या चुकांवर बोट ठेवून कोर्टाने मागणी फेटाळली आणि मे २०१४ मध्ये नगरपरिषदेने ७-२ ने मंजुरी दिली. गंमत म्हणजे त्या सह्यांच्या मोहिमेमागे हॅन्सनचे गुपचूप दिलेले पैसे होते. ते उघडकीला आलं, त्यांनी माफी मागितली, दंड भरला. आमच्या लोकशाहीची काळजी सिएटलला!

मी काय केलं असतं मतदान झालं असतं तर? बांधा म्हणून मत दिलं असतं. आजही देईन. फक्त त्याला मी विजय म्हणणार नाही. आम्ही वेळ विकत घेतली. करार ३५ वर्षांचा आहे, २०१६ पासून. २०५१ मध्ये मी पंचाहत्तरी ओलांडलेली असेन, आणि कुणीतरी टाय लावून म्हणेल की हा नवा अरीना, गोल्डन वन सेंटर, आता जुना झाला.

जागा मात्र सुरेख झाली आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. मरणपंथाला लागलेला मॉल पाडून गावाच्या मध्यावर बांधला. विमानाच्या हँगरसारखे प्रचंड दरवाजे आहेत, ते उघडले की संध्याकाळी नदीच्या मुखाकडून येणारा गार वारा आत शिरतो. वीज सौरऊर्जेची. बोधचिन्हही त्याच वर्षी बदललं. नवीन म्हणून जे आणलं ते जुन्या मुकुटाचंच रूप, सिनसिनाटीच्या काळाची आठवण देणारं. नवीन घरात आजीची पितळी भांडी मांडावीत तसं. आणि नटोमसचा जुना अरीना? २०२० मध्ये कोविडसाठी तिथे तात्पुरतं रुग्णालय उभारलं, २०२२ मध्ये पाडला. घंटा मात्र नव्या घरातही वाजतात.

माझ्यापुरतं हे घर गावाचं झालं ते २२ मार्च २०१८ ला, आणि त्या रात्री मी आत गेलोच नाही. चार दिवस आधी स्टेफॉन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी त्याच्या आजीच्या परसदारी गोळ्या घातल्या होत्या. निदर्शकांनी अरीनाचे दरवाजे अडवले. माझ्या खिशात तिकीट होतं. आत जेमतेम दोन-अडीच हजार लोक, बाहेर गर्दी, आणि सामना सुरू. संपल्यावर रणदिवे खेळाडूंसोबत कोर्टवर उभे राहिले आणि त्या कुटुंबाच्या दुःखाबद्दल, निदर्शनं करण्याच्या हक्काबद्दल बोलले. त्यांच्याबद्दल मला ज्या दोन-तीन गोष्टी मनापासून आवडतात त्यांतली ही पहिली. शेतातल्या आर्कोला कोण कशाला वेढा घालणार होतं? गावाच्या पैशाने, गावाच्या मधोमध बांधलं की गावाचं दुखणंही दारात येणारच.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०१९ ची. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, भारतातले एनबीएचे पहिले सामने. मी सुट्टी काढून मुंबईला गेलो. पहिल्या दिवशी शाळेच्या मुलांनी भरलेला डोम, सामना ओव्हरटाइममध्ये, १३२-१३१ ने पेसर्स जिंकली. दुसऱ्या दिवशी किंग्ज सडकून हरली, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. नागपाड्याच्या कोर्टवर खेळणारी दोन मुलं माझ्यामागे बसली होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘मालक आपल्याकडचाय, पण प्लेयर एक पण नाही.’ सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू किंग्जमध्येच येऊन गेला होता, २०१५ मध्ये, तेही कॅनडाचा आणि तीन सामन्यांपुरता. मी काही बोललो नाही. पोरगं बरोबर होतं.

मग २०२२ आलं आणि जांभळा झोत. किंग्ज जिंकली की अरीनाच्या छपरावरून लेझरचा जांभळा झोत थेट आकाशात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, नवरात्रातली रोषणाई वाटली. पण त्या सीझनला प्रशिक्षक माईक ब्राऊनच्या टीमने ४८ सामने जिंकले, फॉक्स आणि सबोनिस हे दोन खेळाडू असे खेळत होते की बस, आणि सोळा सीझनचा वनवास संपला. रात्री भांडी घासताना खिडकीतून झोत दिसला की शेजारची मेक्सिकन आजी कुंपणावरून हात करायची. तिला नियम माहीत नाहीत. मला तिचं स्पॅनिश कळत नाही. पहिल्याच फेरीत वॉरियर्सने सातव्या सामन्यात हरवलं, त्यांच्या स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले. नंतर ब्राऊनला काढलं, फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि झोत पुन्हा क्वचित दिसू लागला.

गेल्या वर्षी मुलगा मला नदीपलीकडे वेस्ट सॅक्रॅमेंटोला बेसबॉल बघायला घेऊन गेला. सटर हेल्थ पार्क, चौदा हजारांच्या आसपासचं छोटं मैदान, इथल्या स्थानिक टीमचं. ती टीम आता रणदिव्यांच्याच घरची. तिथे सध्या बिऱ्हाड टाकलंय ओकलंडच्या ॲथलेटिक्सने. ५७ वर्षं ओकलंडमध्ये काढून, नवं मैदान मिळेना म्हणून ते लास व्हेगासला निघालेत. तिथलं बांधून होईपर्यंत मुक्काम आमच्याकडे. नावापुढे गाव लावायचं त्यांनी सोडलंय, नुसतं ‘ॲथलेटिक्स’.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ओकलंड लिहिलेली विटकी हिरवी टोपी, दीड तास गाडी चालवून आलेले. मी जरा अपराधी सुरात विचारलं, आवडतंय का इथे? ते म्हणाले, ‘मैदान छान आहे. तुमची टीम राहिली ना, छान झालं.’ मैदानावर खेळाडू सराव करत होते. त्यांच्या एका बाहीवर आमच्या सोनेरी टॉवर ब्रिजचं चित्र होतं आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगास. म्हाताऱ्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे केली. मी मूठभर घेतल्या.